नव्वद किलो वजन, शून्य किलोमीटर अनुभव: धावायला सुरुवात कशी करायची

वजन उतरवायला धावायला लागलेल्यांची गाडी बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडते. दोष आळसावर ढकलला जातो, पण खरं कारण असतं नडगी नाहीतर गुडघा. पहिल्या पंधरा दिवसांत धाप कमी लागायला लागते, माणूस खूश होतो आणि अंतर दुप्पट करून टाकतो. हृदय आणि फुफ्फुसं पटकन सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना मात्र दोन-तीन महिने लागतात. म्हणजे दम असतो, पाय तयार नसतात. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि एका किलोमीटरला अशी बाराशे-चौदाशे पावलं पडतात. पुढचं सगळं वेळापत्रक त्या मागे राहिलेल्या पायांसाठी आहे.

उदाहरणाला एक माणूस धरू: वय अडतीस, उंची साडेपाच फूट, वजन ९० किलो, दिवसभर खुर्चीतलं काम, शाळा सुटल्यापासून धावणं नाही. तुमचं वजन ७०-७५ असेल तर हेच वेळापत्रक थोडं सोपं जाईल. ११०च्या पुढे असाल तर आधी दोन महिने फक्त चाला, तेवढ्यानेही काटा हलतो.

सुरू करण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर अचानक खाली जाऊ शकते. डोस आणि नाश्ता यांचं गणित डॉक्टरांकडून नव्याने बसवून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावंच. ते १२च्या खाली असेल तर लागणारी धाप ‘स्टॅमिना नाही’ म्हणून नसते, रक्तच कमी असतं, आणि कितीही चिकाटी धरली तरी ती कमी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही शंका दूरची समजू नका. बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावणं नको. शिंकताना-खोकताना लघवी सुटत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या.

धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर थांबायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. ‘गॅस असेल’ म्हणत पाणी पिऊन परत धावायचं नाही.

धावण्याने वजन किती उतरतं?

सपाट रस्त्यावर धावताना साधारण दर किलोला, दर किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. आपला ९० किलोचा माणूस चार किलोमीटर धावला की ३६० कॅलरी. त्यातून तेवढाच वेळ नुसता बसला असता तरी जळल्या असत्या त्या वजा केल्या, तर हाती उरतात तीनशेच्या थोड्या वर. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे साडेनऊशे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. भागाकार करा: खाणं आहे तेच ठेवलं तर एक किलो उतरायला आठ आठवडे. आणि सुरुवातीला तर सलग चार किलोमीटर धावताही येत नाही.

हे वाचून हिरमुसायचं कारण नाही, पण काम कुठे होणार ते कळलं पाहिजे. जेवणातून रोज तीनशे-चारशे कॅलरी काढल्या आणि जोडीला हे धावणं ठेवलं, तर आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम हा सुखाचा वेग मिळतो. तीन महिन्यांत पाच किलोच्या आसपास. धावण्याचा मोठा उपयोग पुढे आहे: उतरलेलं वजन परत चढू न देणं, साखर-रक्तदाब ताब्यात राहणं आणि कंबरेचा घेर. पोटाला घाम आणणारे पट्टे आणि प्लास्टिकचं जाकीट यांनी फक्त पाणी जातं. ते दोन तांब्यांत परत येतं.

बूट

यात काटकसर नको, उधळपट्टीही नको. अडीच ते पाच हजारांत धावण्याचे चांगले बूट मिळतात. कॅनव्हास, जिमचे सपाट तळव्याचे किंवा ऑफिसला घालायचे पांढरे स्नीकर चालणार नाहीत. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालायचे तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे, म्हणजे नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा निघतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा: तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि फोड येतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे पातळ मोजे घ्या. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात तिथे निघण्याआधी व्हॅसलिन. बायकांनी धावण्यासाठीची घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, योगासनांसाठीची सैल असते. भिजलेले बूट उन्हात तापवत ठेवायचे नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे. एक जोडी सहाशे ते आठशे किलोमीटर चालते, नवख्याला सहज वर्षभर.

जागा आणि वेळ

सगळ्यांत चांगली जमीन म्हणजे दाबून बसलेली माती किंवा मैदानाचा कडेचा पट्टा. शाळेचं मैदान, जिल्हा क्रीडा संकुलाचा ४०० मीटरचा ट्रॅक, तळ्याकाठचा जॉगिंग ट्रॅक. त्यानंतर डांबरी रस्ता. सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक शेवटी, त्यातही उचकटलेले ब्लॉक घोटा मुरगळायला हमखास. पुण्यातल्या टेकड्या सुंदर आहेत, पण पहिले दोन महिने तिथे फक्त चाला. उतारावर गुडघ्याला जो मार बसतो तो नवख्याला झेपत नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर ओली वाळू कडक असली तरी समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने धावलात तर एक पाय कायम खाली राहतो आणि खुबा दुखतो. जितकं गेलात तितकंच परत या.

रस्त्यावर धावायचं असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. कानात हेडफोन नकोत, निदान एक कान मोकळा. अंधार असेल तर फिकट शर्ट आणि चमकती पट्टी.

वेळ पहाटेची बरी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सहा-साडेसहाच्या आत घरी आलेलं चांगलं. मुंबई-कोकणात प्रश्न उन्हापेक्षा दमटपणाचा असतो: घाम वाळत नाही, अंग निवत नाही, त्यामुळे तोच वेग जास्त जड जातो. तिथे घड्याळाकडे बघून वेग राखायचा हट्ट करू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरश्या टाळा. तुंबलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, धावू नका, लेप्टो (उंदीर-गुरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो. अशा दिवशी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा नाहीतर घरी बैठका.

कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. थांबा, हात अंगालगत, डोळ्याला डोळा न भिडवता सावकाश चालत बाजूला व्हा. चावलंच किंवा नख लागून रक्त आलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद-चुना लावून वाट बघायची नाही.

बारा आठवडे

दिवस तीन, मध्ये निदान एक दिवस सोडून: मंगळ, गुरू, रवी. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं चालणं, मग भिंतीला धरून प्रत्येक पाय पुढे-मागे दहा वेळा झुलवणं, दहा वेळा टाचा वर उचलणं. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. अंग थंड असताना वाकून ताण देत बसायची गरज नाही, ताण नंतर द्यायचे.

पहिला आणि दुसरा आठवडा: धावणं नाही. ३० ते ४० मिनिटं झपझप चाल, बस सुटेल म्हणून चालतो तशी. हे दोन आठवडे चार दिवस चाला.
तिसरा: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा.
चौथा: तेच, दहा वेळा.
पाचवा: २ मिनिटं धावणं, २ चालणं, सहा वेळा.
सहावा: ३ धावणं, २ चालणं, पाच वेळा.
सातवा: उतरता आठवडा. पुन्हा २-२, पाच वेळा. हा गाळू नका.
आठवा: ५ धावणं, २ चालणं, चार वेळा.
नववा: ८ धावणं, २ चालणं, तीन वेळा.
दहावा: १२ धावणं, ३ चालणं, दोन वेळा.
अकरावा: १५ धावणं, २ चालणं, मग १० धावणं.
बारावा: २५ ते ३० मिनिटं सलग.

एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा, पुढच्या आठवड्यावर जाऊ नका. बारा आठवड्यांचे सोळा झाले तरी काही बिघडत नाही. ३-२ वरून ५-२ वर जाताना बरेच जण अडकतात, तिथे मध्ये ४-२ चा आठवडा घाला. चालण्याचा भाग म्हणजे कमीपणा नाही, तो औषधाच्या डोसासारखा आहे. दम शिल्लक असला तरी घड्याळ वाजलं की चालायला लागा. दम संपेपर्यंत धावून मग चालणं आणि ठरल्या मिनिटाला चालणं यांत पायांच्या दृष्टीने खूप फरक पडतो.

वेग: नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक

धावता धावता आपला पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबरपासून पिनकोडापर्यंत, मोठ्याने म्हणून बघा. एक-दोन श्वासांत सांगता आला तर वेग बरोबर. ‘सोसायटीचं नाव’ म्हणेपर्यंत हापसायला झालं तर वेग जास्त. हा योग्य वेग लाज वाटावी इतका हळू असतो: किलोमीटरला साडेसात ते नऊ मिनिटं. बाजूने झपझप चालणारे आजोबा पुढे जातील. जाऊ द्या.

तिसऱ्या आठवड्यातलं पहिलं मिनिट असं धावा. चालता चालता पावलं आखूड करा आणि तसंच धावण्यात शिरा, एकदम उसळी नाही. पाऊल शरीराच्या पुढे लांब न पडता कंबरेच्या जवळपास खाली पडलं पाहिजे. कानाने ओळखता येतं: ‘धप्प, धप्प’ येत असेल तर टांगा लांब पडताहेत. आवाज हलका आणि भरभर यायला हवा, मिनिटाला १६० पावलांच्या आसपास. मोजायचं असेल तर पंधरा सेकंदांत फक्त उजवा पाय मोजा, वीस भरला पाहिजे. टाच आधी टेकते की चवडा, यावर डोकं घालवू नका. पावलं आखूड झाली की ते आपोआप बरंच सुधारतं. मुठी आवळू नका, बोटांत पापड धरलाय असं समजा. खांदे कानांकडे चढले असतील तर एकदा हात खाली सोडून झटका. श्वास नाकाने की तोंडाने? दोन्हीने, जसा येईल तसा.

बरगडीखाली चमक आली तर चालायला लागा, तिथे बोटांनी दाबा आणि ओठ चंबूसारखे करून लांब श्वास सोडा. दोन-तीन मिनिटांत जाते. कारण बहुधा नुकतंच खाल्लेलं असणं किंवा सुरुवातीलाच जोरात निघणं. जेवणानंतर तीन तास, नाश्त्यानंतर दीड-दोन तास सोडा. पहाटे अर्ध्या तासासाठी रिकाम्या पोटी निघालं तरी चालतं, गरगरत असेल तर अर्धं केळं. अर्ध्या तासात वाटेत पाणी नाही प्यायलं तरी चालतं, निघण्याआधी एक पेला पुरे. इलेक्ट्रॉलची पाकिटं इथे लागत नाहीत.

दुखणं: कोणतं चालवून घ्यायचं, कोणतं नाही

दोन्ही मांड्या, पोटऱ्या सारख्याच भरून आल्या, जिना उतरताना कण्हायला झालं, तर ते स्नायूंचं दुखणं. दोन-तीन दिवसांत जातं. एकाच बाजूचं, एकाच जागचं, धावताना वाढत जाणारं किंवा लंगडायला लावणारं दुखणं वेगळं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीही असेल तर धावणं बंद, चालणं दुखत नसेल तर चालू.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीचं ठसठसणं हे नवख्यांचं दुखणं. फार लवकर फार जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ. आठवडाभर विश्रांती, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि परत सुरू करताना दोन आठवडे मागे जाऊन. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूला कळ असेल, रात्री बसल्या जागीही दुखत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. ऑर्थोपेडिककडे जा. अशा तड्याचा सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लगेच धावायला लागू नका.

गुडघ्याच्या वाटीभोवती, खासकरून जिना उतरताना आणि खूप वेळ मांडी घालून बसल्यावर दुखत असेल, तर मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू कमी पडताहेत. पावलं आणखी आखूड करा, उतार टाळा आणि खालचे व्यायाम मनावर घ्या. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाच टोचते ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घाला, पोटरीचे ताण द्या, फ्रीजमधली गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच मिनिटं फिरवा. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जायचं नाही. गोळीने इशारा गप्प होतो, इजा तशीच राहते.

आठवड्यातून दोनदा, धावत नाही त्या दिवशी, पंधरा मिनिटं: खुर्चीवर टेकून उठायचं अशा अर्ध्या बैठका, दहाच्या तीन फेऱ्या. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, बाराच्या तीन फेऱ्या, खाली येताना सावकाश. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, बाराच्या तीन फेऱ्या. आणि दात घासताना एका पायावर तीस-तीस सेकंद. जोर-बैठकांची परंपरा असलेल्या मुलखात हे वेगळं पटवून द्यायला नको, पण धावणारे हाच भाग सगळ्यांत आधी सोडतात.

ताट

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सत्रात चालणं-धावणं मिळून दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. परतताना टपरीवरच्या एका वडापावात तीनशेच्या आसपास येतात. रविवारी ग्रुपबरोबर धावून नंतर मिसळ हा मोठा आनंद आहे, पण पन्नास ग्रॅम फरसाणच अडीचशेच्या वर जातं. तो आनंद महिन्यातून एकदा ठेवा.

रोजच्या कपातीला तीन सोप्या जागा आहेत. पहिली चहा: दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी. साखर निम्मी आणि कप दोन. दुसरी तेल: महिन्याचा डबा घरातल्या माणसांनी भागून बघा. माणशी एक लिटर निघत असेल तर रोजच्या पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते अर्ध्या-पाऊण लिटरवर आणा. फोडणी पळीने घालण्याऐवजी चमच्याने घातली तरी फरक पडतो. तिसरी संध्याकाळची बिस्किटं-चिवडा.

भात-भाकरी बंद करू नका, धावायला तेच इंधन लागतं, फक्त ताटात त्यांच्या बरोबरीने प्रथिनं आणा. आपल्या ९० किलोच्या माणसाला रोज ७०-८० ग्रॅम तरी हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. अंदाजासाठी: एक अंडं ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६-७, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५, शंभर ग्रॅम शिजवलेलं चिकन २५च्या वर. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही आणि कोशिंबीर हे जेवण धावणाऱ्यांसाठी उत्तम आहे. त्यासाठी वेगळी पावडर आणायची गरज पडत नाही.

काटा

धावायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन उलट अर्धा-एक किलो वाढू शकतं. नव्या कामासाठी स्नायू साखर साठवतात, आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं. ही चरबी नव्हे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, आठवड्यातून तीनदा वजन घ्या आणि सरासरी लिहा. रोजच्या आकड्यात मीठ, झोप, पाळी, बद्धकोष्ठता सगळं मिसळलेलं असतं. महिन्यातून दोनदा बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजा, श्वास सोडून, पोट न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०च्या आत आणायचा आहे. चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही, तर धावणं वाढवू नका, ताटात काय निसटतंय ते आठवडाभर लिहून बघा.

स्पर्धा, खंड आणि ताप

अर्धा तास सलग धावता आलं की टी-शर्ट आणि मेडल खुणावू लागतात. पाच किलोमीटरची स्पर्धा लावा, बेशक. मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी होणारी ड्रीम रनसुद्धा चालत-धावत पार पडते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला मात्र मित्रांनी ओढलं तरी या वर्षी नको. यवतेश्वरचा घाट चढताना दम जातो आणि उतरताना गुडघे, आणि २१ किलोमीटरसाठी अजून किमान वर्षभराचं धावणं पाठीशी हवं.

लग्नसराई, परीक्षा, गणपती यांत खंड पडतोच. आठवडाभराचा खंड पडला तर आहे तिथूनच सुरू करा. दोन आठवडे गेले तर दोन आठवडे मागे जा. महिना गेला तर तिसऱ्या आठवड्यापासून परत. नुसती सर्दी असेल तर हलकं धावून चालतं. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर नाही, आणि ताप उतरल्यावरही तीन-चार दिवस फक्त चाला. डेंगी-चिकुनगुनियानंतर सांधे आणि थकवा कित्येक आठवडे रेंगाळतात, तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट दाराशीच राहू द्या.